लिम्फोमासाठी ऑटोलोगस ट्रान्सप्लान्टचं पॅकेज: कागदावर काय असतं आणि काय राहून जातं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) पेशंटला 'आता ट्रान्सप्लान्ट करावा लागेल' असं सांगितलं की घरच्यांच्या हातात बहुधा एक पान येतं. वर दवाखान्याचं नाव, खाली मोठा आकडा, मध्ये पाच-सात ओळी: खोली, केमो, नर्सिंग, जेवण, इतके दिवस. बेंगळुरूचा कागद असो, पुण्याचा की मुंबईचा, छापा थोड्याफार फरकाने तोच. हे परीक्षण त्या पॅकेजचं आहे. कुठल्या एका दवाखान्याचं नाव घेतलेलं नाही, कारण यातल्या उणिवा बऱ्याच ठिकाणी सारख्याच दिसतात.

निकाल आधीच सांगतो. योग्य पेशंटला, योग्य वेळी केलेला ऑटोलोगस ट्रान्सप्लान्ट (पेशंटच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, परत देणं) ही फार मोलाची सेवा आहे. त्याने माणसं बरी होतात, नुसती काही महिने पुढे ढकलली जात नाहीत. पण पॅकेज मोजतं ते दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंतचे तीन-चार आठवडे. निम्मं बरंवाईट त्याआधीच्या महिन्यात आणि नंतरच्या शंभर दिवसांत ठरतं, आणि लांबून आलेल्या कुटुंबाचा पैसाही तिथेच सांडतो. म्हणून दोन पानं शेजारी ठेवून कुठला आकडा कमी हे बघू नका. दोन्ही पानांवर काय लिहिलेलं नाही ते बघा.

हे कुणासाठी आहे

ट्रान्सप्लान्ट म्हटलं की लोकांना ऑपरेशन वाटतं. इथे चिरफाड काहीच नाही. लिम्फोमा मारायचं काम करते ती प्रचंड ताकदीची केमो. ती इतकी तीव्र असते की बोनमॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगजही मरतो. म्हणून आधी पेशंटच्याच रक्तातल्या स्टेम सेल काढून ठेवायच्या आणि केमो संपली की परत द्यायच्या. पीक जळणार हे ठाऊक असताना बियाणं वेगळं राखून ठेवावं, तसं. याचा सरळ अर्थ असा की ज्या लिम्फोमाला केमो लागूच पडत नाही, त्याला तीच केमो दहापट दिली तरी फायदा नाही.

ही गोष्ट १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'पार्मा' अभ्यासाने पक्की केली. आक्रमक लिम्फोमा परत आलेल्या पेशंटना आधी साधी 'सॅल्व्हेज' केमो (आजार उलटल्यावर देतात ती) दिली गेली आणि ज्यांची गाठ तिने वितळली अशा १०९ जणांचे दोन गट केले. ट्रान्सप्लान्टच्या गटात पाच वर्षांनी ५३ टक्के जिवंत होते, नुसत्या केमोच्या गटात ३२ टक्के. आजार पुन्हा न उलटलेले अनुक्रमे ४६ आणि १२ टक्के. आजही पहिला प्रश्न तोच: सॅल्व्हेजच्या दोन-तीन सायकलनंतर पेट-सीटीत (आजार कुठे जिवंत आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) काय दिसतं? रिपोर्टमध्ये 'डोव्हिल स्कोअर' नावाचा १ ते ५ चा आकडा असतो. १ ते ३ म्हणजे समाधानकारक, ४-५ म्हणजे आजार अजून पेटलेला. हा रिपोर्ट हातात येण्याआधीच पॅकेजचं बुकिंग आणि ॲडव्हान्स मागितला जात असेल तर थांबा.

पार्मानंतर बरंच बदललं आहे, आणि कागदावर त्याचा मागमूस नसतो. मोठ्या बी-सेल लिम्फोमात आर-चॉपनंतर (पहिल्या फेरीच्या नेहमीच्या केमोनंतर) वर्षाच्या आत आजार उलटला, किंवा आर-चॉपने तो हललाच नाही, तर 'झुमा-७' आणि 'ट्रान्सफॉर्म' या अभ्यासांत कार-टी सेल उपचार (पेशंटच्याच पांढऱ्या पेशी लॅबमध्ये बदलून आजारावर सोडणं) ट्रान्सप्लान्टच्या मार्गापेक्षा सरस ठरले. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या 'नेक्सकार-१९' या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशातल्या किमतीच्या तुलनेत ती बरीच स्वस्त आहे, तरी सामान्य घराला जड. परवडेल की नाही हा पुढचा विचार, पण 'माझ्या पेशंटला कार-टीचा विचार झाला का' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मॅन्टल सेल लिम्फोमात पहिल्याच फेरीत ट्रान्सप्लान्ट करायची जुनी पद्धत होती. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'ट्रायँगल' अभ्यासात इब्रुटिनिबच्या गोळ्या जोडल्यावर ट्रान्सप्लान्ट न करताही निकाल तितकेच चांगले आले. तिथे घाई नको. हॉजकिन (लिम्फोमाचाच एक प्रकार) उलटलं असेल तर मात्र सॅल्व्हेज, चांगला पेट आणि मग ऑटोलोगस ट्रान्सप्लान्ट हा रस्ता अजून भक्कम आहे.

भावाबहिणीच्या सेल घेऊन करायचा ॲलोजेनिक ट्रान्सप्लान्ट वेगळाच विषय. त्याचा धोका, काळ आणि खर्च सगळं निराळं. कुणी एकाच पानावर दोन्हींचे दर शेजारी छापून 'निवडा' म्हणत असेल तर तो कागद बाजूला ठेवलेला बरा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. मानेला गाठ आली की सुई घालून तपासणी होते आणि टीबीच्या गोळ्या सुरू होतात. टीबी आपल्याकडे खूप आहे, त्यामुळे संशय चुकीचा नाही. पण सुईच्या तपासणीत गाठीची रचना दिसत नाही. लिम्फोमा ठरवायला अख्खी गाठ किंवा तिचा जाड तुकडा काढून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींचा प्रकार ओळखायची रंगाची तपासणी) लागते. आजार 'उलटला' असं म्हणतानाही पुन्हा बायोप्सी हवी, कारण पेटमध्ये चमकणारी गाठ टीबीचीही असू शकते. बायोप्सी बेळगावात होते. बेंगळुरूला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, पॅराफिन ब्लॉक (गाठीचा मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक नसला की तिथे आठवडा फुकट जातो.

सेल काढणं: खरी परीक्षा इथेच

पॅकेजमध्ये ही एक ओळ असते: 'स्टेम सेल कलेक्शन'. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त गडबड इथे होते.

सेल हाडाच्या पोकळीतून रक्तात उतरवण्यासाठी फिलग्रास्टिमची इंजेक्शनं देतात, वजनाच्या दर किलोला रोज १० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०० ची दोन इंजेक्शनं, चार ते पाच दिवस. बरीच केंद्रं ही इंजेक्शनं 'गावीच घ्या' म्हणतात. हरकत नाही, पण ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजेत. बर्फाच्या डब्यात थेट बर्फाला टेकून ठेवली की गोठतात आणि गोठलेल्या इंजेक्शनाचा भरवसा नाही. बर्फाच्या पिशव्यांवर टॉवेलची घडी, त्यावर इंजेक्शनाचं खोकं, असं न्या. रोज एकाच वेळी घ्यायची. कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. ते या औषधामुळेच होतं. पॅरासिटॅमॉल चालते, पण गोळी घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा.

चौथ्या-पाचव्या दिवशी रक्तातले 'सीडी-३४' सेल (म्हणजे याच स्टेम सेल) मोजतात. मायक्रोलिटरला १० पेक्षा कमी असतील तर पुरेसे सेल निघणं अवघड. अशा वेळी प्लेरिक्साफोर हे इंजेक्शन देतात, किलोला ०.२४ मिलीग्रॅम, सेल काढायच्या साधारण ११ तास आधी. म्हणजे सकाळी सातला मशीनवर बसायचं असेल तर आदल्या रात्री आठला. ६० किलोच्या माणसाला १४.४ मिलीग्रॅम लागतं आणि २४ मिलीग्रॅमची एक कुपी पुरते. ही कुपी महाग असते आणि बहुतेक पॅकेजांत 'लागल्यास वेगळं' या तीन-चार शब्दांत लपलेली असते. आधी केमोच्या बऱ्याच लाइन (एकामागून एक वेगळे उपचार) झाल्या असतील, कमरेच्या हाडांना रेडिएशन झालं असेल, किंवा बेंडामस्टिन, फ्लुडाराबिन, लेनालिडोमाइड यातलं काही दिलं असेल, तर ती लागण्याची शक्यता बरीच. हा अंदाज डॉक्टरांना आधीच येतो, म्हणून आकडा आधीच लिहून मागा.

लक्ष्य किती? किलोला कमीत कमी २० लाख सीडी-३४ सेल, चांगला साठा म्हणजे ५० लाख. ६० किलोच्या माणसाला १२ कोटी ते ३० कोटी. मशीनवर एक बैठक चार-पाच तासांची, आणि एका बैठकीत भागलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पॅकेजमध्ये किती बैठका धरल्यात हे विचारा. प्रत्येक जादा बैठकीला नवा किट लागतो आणि त्याचं बिल वेगळं येतं.

मशीनवर रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळतात. ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. अर्ध्या-पाऊण तासात ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. पेशंटने हे लगेच बोलायचं असतं, सोसायचं नसतं. कॅल्शियम दिलं आणि मशीनचा वेग कमी केला की थांबतं. न बोलता बसलं तर हात वळतात आणि बैठक मध्येच सोडावी लागते. दंडातली पिक लाइन (केमोसाठी घातलेली बारीक नळी) या कामाला चालत नाही, कारण मशीनला वेगाने रक्त ओढावं लागतं. मान किंवा छातीतला जाड कॅथेटर लागतो. त्याचा खर्चही कागदावर शोधून बघा.

इथल्या सेवेबद्दल मत: तंत्र उत्तम, सांगणं अपुरं.

गोठवणं, केमो आणि बियाणं परत पेरणं

लिम्फोमासाठी नेहमीची केमो 'बीम' नावाची: कारमस्टिन शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला ३०० मिलीग्रॅम, मग चार दिवस इटोपोसाइड आणि सायटाराबिन, शेवटी मेल्फलान १४०. सगळं संपायला सहा दिवस जातात. इथे कागदाची एक मोठी मेख आहे. मायलोमाच्या (बोनमॅरोतल्या दुसऱ्या एका कॅन्सरच्या) ट्रान्सप्लान्टमध्ये नुसतं मेल्फलान द्यायचं असतं, एक-दोन दिवसांचं काम. म्हणून काढलेल्या सेल ४ अंशांच्या फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवून भागतं. बीममध्ये सहा दिवस थांबावं लागतं, तेवढ्या काळात फ्रिजमधल्या सेल मरत जातात. म्हणून त्या डीएमएसओ (गोठताना सेल फुटू न देणारं रसायन) मिसळून उणे ८० किंवा त्याहून खाली, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांपर्यंत, गोठवतात. काही केंद्रं केमो आटोपशीर करून फ्रिजमधल्या सेलवरच काम भागवतात आणि त्यांचे निकालही चांगले असतात. पण ते ठरवून केलेलं हवं. मायलोमाच्या पॅकेजचा दर लिम्फोमाच्या पेशंटला सांगून नंतर 'क्रायोप्रिझर्व्हेशन वेगळं' असं बिल येऊ नये. विचारायचं ते एवढंच: सेल गोठवणार की फ्रिजमध्ये ठेवणार, दवाखान्याच्या लॅबमध्ये की बाहेर, किती दिवसांचं भाडं धरलंय, आणि परत देण्याआधी जिवंत सेल किती हे तपासणार का.

कारमस्टिन महाग. शरीराचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर असेल तर ४८० मिलीग्रॅम, म्हणजे १०० मिलीग्रॅमच्या पाच कुप्या. त्याऐवजी आपल्याकडे लोमस्टिनच्या कॅप्सूल किंवा बेंडामस्टिन सर्रास वापरतात. त्यात गैर काही नाही, पण बेंडामस्टिनमध्ये किडनीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. कोणतं औषध दिलं हे डिस्चार्जच्या कागदावर मिलीग्रॅमसह आलंच पाहिजे. का, ते पुढे येईल.

मेल्फलान देताना बर्फाचे खडे. ही एवढी साधी गोष्ट आहे आणि इतकी उपयोगाची, की ती न करणाऱ्या वॉर्डाचा एक गुण आम्ही सरळ कापतो. औषध सुरू व्हायच्या पंधरा-वीस मिनिटं आधीपासून ते संपल्यावर अर्धा तास होईपर्यंत तोंडात सतत बर्फ धरायचा. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आखडतात, औषध तिथे कमी पोचतं आणि आठवड्याने येणारे फोड कमी येतात. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचाच हवा. नातेवाइकाने वाटी धरून शेजारी बसायचं आणि पेशंटला मध्ये थांबू द्यायचं नाही. दात शिवशिवतात, तरीही.

सेल परत द्यायचा दिवस म्हणजे 'डे झिरो'. घरच्यांना हा मोठा सोहळा वाटतो. प्रत्यक्षात गोठलेली पिशवी पलंगाशेजारी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत रक्तासारखी चढवतात. भराभर, कारण वितळलेल्या सेलना डीएमएसओ बाधतं. खोलीभर लसूण किंवा उकडलेल्या मक्यासारखा वास सुटतो आणि पेशंटच्या श्वासाला तो एक-दोन दिवस येत राहतो. घशात खवखव, मळमळ, लालसर लघवी हे अपेक्षित असतं. छातीत दाटलं किंवा नाडी मंदावली तर वेग कमी करतात.

तिथून दहा-बारा दिवस काऊंट शून्याच्या आसपास. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की 'सेल लागल्या' म्हणतात.

खोली आणि ताप

'हेपा फिल्टर रूम' (गाळलेल्या हवेची खोली) हे शब्द प्रत्येक कागदावर असतात. खोली बघायला मिळाली तर एक सोपी गोष्ट करा: दार किंचित उघडून फटीत टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती बाहेरच्या बाजूला उडाली पाहिजे. आत ओढली गेली तर खोलीतला दाब उलटा आहे आणि बाहेरची हवा, त्यातल्या बुरशीसकट, आत येते. मजल्यावर कुठे तोडफोड किंवा बांधकाम चालू आहे का हेही डोळ्यांनी बघून घ्या.

या काळात ताप जवळपास सगळ्यांना येतो. एकदा १०१ फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ टिकला की कल्चर काढून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आपल्या देशात औषधांना न जुमानणारे जंतू फार, त्यामुळे मेरोपेनेम, कोलिस्टिन आणि बुरशीसाठी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनपर्यंत जायची वेळ येते. आणि बहुतेक पॅकेजांत 'हायर अँटिबायोटिक्स एक्स्ट्रा' असतं. ज्या आकड्यावर घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं तो आकडा इथे कोसळतो. ही आमची सगळ्यात मोठी तक्रार. ताप हा या उपचाराचा भागच आहे. तो बाहेर ठेवून केलेल्या पॅकेजला पॅकेज म्हणणं पटत नाही. निदान एक मर्यादा लिहून घ्या: अमुक रकमेपर्यंतची अँटिबायोटिक आणि अँटिफंगल आत, त्यापुढे वेगळं.

प्लेटलेट कोण देणार

प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्या की द्याव्या लागतात. त्यासाठी सिंगल डोनर (मशीनवर एकाच दात्याकडून काढलेल्या) प्लेटलेट लागतात आणि त्या फक्त पाच दिवस टिकतात, म्हणजे आधी साठवून ठेवता येत नाहीत. दाता १८ ते ६० वयाचा, ५० किलोच्या वर, हाताची शीर ठळक, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन न घेतलेला हवा. एकच माणूस ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा. गावाकडून ऐन वेळी गाडी भरून माणसं आणण्यापेक्षा त्या शहरात नोकरीला असलेले गावकरी, भाचे-पुतणे शोधून आधीच चार-पाच नावांची यादी रक्तगटासह करून ठेवा. पुण्यात हे आपल्या लोकांना तुलनेने सोपं जातं, बेंगळुरूत आधीपासून जमवावं लागतं.

रक्त आणि प्लेटलेट इर्रॅडिएटेड, म्हणजे २५ ग्रे मात्रेचे किरण दिलेले, हवेत. ट्रान्सप्लान्टची केमो सुरू झाल्यापासून ते ट्रान्सप्लान्टनंतर निदान तीन महिने. हॉजकिनच्या पेशंटसाठी अनेक मार्गदर्शक सूचना आयुष्यभर तसंच रक्त द्यायला सांगतात. गावी परतल्यावर बेळगावात रक्त चढवायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला हे कळायला हवं. पाकिटात कार्ड ठेवा आणि असं रक्त कुठे मिळेल हे परतण्याआधीच फोन करून विचारून घ्या.

पानावर नसलेली दोन वाक्यं

तरुण पेशंट असेल तर वीर्य गोठवून ठेवणं सॅल्व्हेज केमोच्या आधी व्हायला हवं. एका दिवसाचं काम आहे. मुलीच्या बाबतीत बीजं काढायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून प्रश्न पहिल्याच भेटीत काढायचा. वडीलधाऱ्यांसमोर हा विषय निघत नाही आणि डॉक्टरही घाईत असतात. नंतर हळहळून उपयोग नसतो.

दुसरं, रिटुक्सिमॅबच्या (आर-चॉपमधल्या 'आर'च्या) आधी हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. जुना दबलेला विषाणू या औषधाने उठतो आणि लिव्हर बसतं. वेळीच गोळी सुरू केली तर टळतं.

कार्ड आणि प्रवास

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजदराच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखांपर्यंत मदत आहे. खासगी दवाखान्यात ठरवून करायच्या उपचाराला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. ते गावातून निघण्याआधी घ्या, बेंगळुरूहून परत यायला लावू नये. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. त्या आधारावर पुणे-मुंबईकडे जायचं ठरवत असाल तर त्या दवाखान्याच्या आरोग्यमित्राशी आधी बोला आणि 'ट्रान्सप्लान्ट' ही नोंद योजनेच्या यादीत आहे का आणि मंजुरी दाखल होण्याआधी मिळेल का, हे विचारा. दाखल झाल्यावर केलेला अर्ज अडकतो.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्म दवाखाना भरून देतो, तिकीट काउंटरवर काढायचं. पण डिस्चार्जनंतरचा पहिला प्रवास घाईने करू नका. डे ३० पर्यंत केंद्रापासून तासाभराच्या आत खोली घेऊन राहणं शहाणपणाचं. बेंगळुरू ५०० किलोमीटरवर आहे. रात्री दोनला ताप आला तर रेल्वे उपयोगाची नाही. या खोलीचं भाडं आणि आठवड्यातून दोनदाच्या रक्ततपासण्या कुठल्याच पॅकेजात नसतात.

गावी परतल्यावर

डिस्चार्ज समरी इंग्रजीत सहा-सात पानांची मिळते. रात्रपाळीचा डॉक्टर ती वाचत बसणार नाही. म्हणून केंद्राकडून अर्ध्या पानाचं पत्र मागा: ट्रान्सप्लान्टची तारीख, १००.४ च्या वर ताप असल्यास कल्चर घेऊन तासाभरात कोणतं अँटिबायोटिक किती द्यायचं, इर्रॅडिएटेड रक्त, आणि केंद्राचा चोवीस तासांचा नंबर. इंग्रजीत आणि शक्य तर कन्नडमध्येही. घरच्या माणसाला मराठीत समजावून दिलेलं असलं तरी कॅज्युअल्टीत कागदच बोलतो. हे पत्र आपणहून देणारी केंद्रं आम्हाला मोजकीच आढळली आणि त्यांना आमचे पूर्ण गुण.

जेवणाबद्दल नको इतकी भीती घातली जाते. काटेकोर 'न्यूट्रोपेनिक डाएट' (काऊंट कमी असताना सांगितलेला कडक पथ्याचा आहार) आणि साधं स्वच्छ शिजवलेलं अन्न यांची तुलना झाली तेव्हा काटेकोर आहाराने जंतुसंसर्ग कमी झाला नाही. गरम भाकरी, आमटी, भात, पूर्ण उकडलेलं अंडं, सोलून खायची फळं, सगळं चालतं. कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेलं कलिंगड, न उकळलेलं दूध, दोन दिवस उघडा राहिलेला कुंदा नको. आणि गुळवेलीचा काढा अजिबात नको. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. कितीही प्रेमाने मावशीने पाठवला असला तरी.

अन्नापेक्षा धुळीला भ्या. मळणी, कडब्याची गंजी, उसाचं कुजलेलं पाचट, गोठ्यातलं शेण, निपाणीकडची तंबाखूची वखार, यात ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू भरपूर असतात. खानापुरात पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन काळी बुरशी धरते, त्या खोलीत पेशंट झोपवू नका. माणूस घरी येणार म्हणून भिंती खरवडून रंगकाम काढतात, तेही तीन महिने पुढे ढकला.

ॲसिक्लोविरच्या गोळ्या वर्षभर आणि कोट्रायमॉक्साझोल साधारण सहा महिने चालतात. पेशंट ठणठणीत दिसू लागला की घरचे त्या बंद करतात आणि मग नागीण उठते. नागिणीवर गेरू लावत बसू नका. ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर दुखणं मागे राहण्याची शक्यता कमी.

कारमस्टिन मिळालेल्या पेशंटला महिन्या-दोन महिन्यांनी, कधी आणखी उशिरा, कोरडा खोकला आणि जिना चढताना दम लागू लागला तर तो साधा खोकला समजू नये. औषधाने फुप्फुस सुजलेलं असू शकतं. ऑक्सिजन मोजून, सीटी काढून स्टेरॉइड लवकर सुरू केलं तर बहुतेकांचं निवळतं. खोकल्याच्या बाटल्यांत तीन आठवडे गेले तर अवघड होतं. म्हणूनच औषधाचं नाव आणि मिलीग्रॅम समरीवर हवेत.

लहानपणी घेतलेल्या लसींचा जोर ट्रान्सप्लान्टनंतर ओसरतो. न्यूमोकोकस, धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांच्या लसी सहा महिन्यांपासून पुन्हा सुरू होतात. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत नाहीत. घरात बाळाला पोलिओचे थेंब पाजले असतील तर चार-सहा आठवडे त्याचं लंगोट पेशंटने बदलू नये.

शंभराव्या दिवसाच्या आसपासचा पेट-सीटी शक्यतो त्याच मशीनवर करा जिथे आधीचा झाला होता, म्हणजे तुलना नीट होते. सहा तास उपाशी, साखर २०० च्या खाली. जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. या स्कॅनची तारीख डिस्चार्जच्या कागदावर नसेल तर खोली सोडण्याआधी लिहून घ्या.